गोळी आहे, पण हात पुढे होत नाही

शेतकरी बंधूंनो, मृग लागायच्या आधी तुम्ही जनावरांना घटसर्पाची लस टोचून घेता. तेव्हा बैल ठणठणीत असतो. ‘याच्या गोठ्यात रोग शिरला’ असं शेजारी म्हणत नाही, उलट शहाणा म्हणतो. रोगाआधी इलाज हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. मग माणसाच्या बाबतीत गाडं कुठं अडतं, ते पाहू.

एच.आय.व्ही.ची लागण होऊ नये म्हणून घ्यायची गोळी आता निघाली आहे. तिला ‘प्रेप’ म्हणतात. टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन ही दोन औषधे त्या एका गोळीत असतात. अमेरिकेत २०१२ साली तिला मान्यता मिळाली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जास्त धोका असलेल्या सर्वांसाठी तिची शिफारस केली. भारतीय कंपन्याही ती बनवतात. रोज नेमाने घेतली तर शरीरसंबंधातून लागण होण्याचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी होतो. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

‘हा मुंबईचा विषय, आमचा काय संबंध?’ असं तुम्ही म्हणाल. पण अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या चाळींत राहणारी पोरं कुठली? सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचीही आहेतच की! त्यांतले काही समलिंगी असतात आणि घरी कुणाला पत्ता नसतो.

डबी ठेवायची कुठं?

एका खोलीत पाच-सहा जण. फळीवर डबी दिसली की लगेच, ‘कसली गोळी रे?’ त्यात टेनोफोव्हिर हे लागण झालेल्यांच्या उपचारातही वापरतात. म्हणजे रोग टाळायला आणलेली गोळी रोगाचा पुरावा ठरायची भीती! दुसरी धास्ती दवाखान्याची. डॉक्टरांपुढे खरं सांगावं लागतं. तिसरी अडचण सोबत्याची. गोळी घेतली तर ‘माझ्यावर भरवसा नाही का?’ हा सवाल येतो. आणि सर्वांत मोठी गाठ मनातली. आपण समलिंगी आहोत हेच ज्याला स्वतःशी कबूल करवत नाही, तो गोळी कशी मागणार?

ही लाज केवळ मुंबईत जन्मत नाही. एस.टी.त बसतानाच ती पोराच्या पिशवीत असते. पारावरची टिंगल, ‘बायल्या’ म्हणून हिणवणं, वर लग्नाची घाई. असं दडपून लग्न लावलं तर उद्या सुनेलाही धोका पोचू शकतो, याचा विचार कोण करतो?

कायदा काय म्हणतो

प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. एच.आय.व्ही.बाबतचा २०१७ चा कायदा त्याच महिन्यात लागू झाला. लागण झालेल्याशी नोकरीत, शिक्षणात, भाड्याच्या घराबाबत भेदभाव करता येत नाही. तपासणीची माहिती बाहेर फोडता येत नाही. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी हे ध्यानात ठेवावे.

गोळी मनानेच सुरू करू नये. आधी एच.आय.व्ही.ची आणि मूत्रपिंडाची तपासणी, पुढे साधारण दर तीन महिन्यांनी एच.आय.व्ही. तपासणी करावी लागते. गरमी, परमा यांना ती रोखत नाही, त्यामुळे निरोध हवाच. सरकारी तपासणी केंद्रात तपासणी मोफत व गुप्त होते. १०९७ या मोफत फोनवर सल्ला मिळतो. मुंबईत १९९४ साली अशोक राव कवी यांनी सुरू केलेला हमसफर ट्रस्ट याच लोकांसाठी काम करतो.

तेव्हा मंडळी, पोरगा दिवाळीला घरी आला आणि त्याच्या बॅगेत गोळ्यांची डबी दिसली, तर आरडाओरडा करू नका. तो स्वतःला जपतोय. पारावर कुणी टिंगल काढलीच, तर ‘पुरे’ म्हणणारा एक तरी आवाज तुमचा असू द्या.