उन्मादाच्या रात्री मदत कुठे?

विद्यार्थी मित्रांनो, गणपतीसाठी मुंबईहून हेदवीला आलेला एखादा दादा डोळ्यांसमोर आणा. दादा कल्पनेतला आहे, पण अशी घरे खरोखरच असतात. चार रात्री त्याला झोप नाही, तरी तो दमलेला दिसत नाही. या विषयावरून त्या विषयावर उड्या मारीत अखंड बोलतो. आंब्याची बाग गहाण टाकून दोन ट्रॉलर घ्यायचा त्याचा बेत आहे. पाचव्या रात्री तो बामणघळीकडे निघतो. भरतीची लाट आपण हाताने थोपवू, अशी त्याची खात्री आहे. ती घळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचे सांगायला नको.

घरचे म्हणतात, बाहेरची बाधा! वस्तुतः ही द्विध्रुवी मनोविकारातील, म्हणजे बायपोलर डिसऑर्डरमधील, उन्मादाची अवस्था असू शकते. याच विकारात मन कधी दुसऱ्या टोकाला, खोल विषादात जाते. माणूस मरणाची भाषा बोलू लागतो. थायरॉइडच्या दोषाने किंवा काही औषधांनीही उन्मादासारखी लक्षणे दिसतात, म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचे.

पण डॉक्टर कुठले? प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीला, आणि वाटेत तवसाळ-जयगडची खाडी. मध्यरात्री फेरीबोट नसते. मग उजाडेपर्यंत थांबायचे काय? मुळीच नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार सुरू करू शकतो, जास्तीत जास्त 72 तासांपर्यंत. तेवढ्यात रुग्णाला मनोरुग्णालयात पोचवता येते. म्हणजे पहिले दार जवळच्या सरकारी दवाखान्याचे! रुग्णवाहिकेसाठी 108, माणूस आवरेनासा झाला तर 112. आणि 2022 साली सुरू झालेल्या टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो, तोही मराठीत.

तोवर घरच्यांनी काय करावे? त्याच्याशी वाद घालू नये. उन्मादात तर्क चालत नाही. एकानेच हळू आवाजात बोलावे, बाकीच्यांनी गर्दी करू नये. बागेतली कीटकनाशके, कोयता, गाडीची किल्ली गुपचूप हलवावी. त्याला एकटे सोडू नये. मात्र तुम्ही मुलांनी त्याच्यामागे अंधारात खडकांवर जायचे नाही. धावत जाऊन मोठ्यांना उठवा. मागे कधी विषादाचा झटका आला होता का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. केवळ विषादावरच्या गोळ्यांनी कधीकधी उन्माद उसळतो.

झटका आवरायला आधी शांत करणारी औषधे देतात. पुढे बऱ्याच रुग्णांना लिथियमचे क्षार देतात. आवर्तसारणीतले तिसरे मूलद्रव्य, तेच हे! उन्मादावरचा त्याचा उपयोग ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी 1949 साली दाखवला. परिणाम दिसायला आठवडाभर तरी लागतो, म्हणून दोन दिवसांत गुण आला नाही तर गोळ्या टाकून देऊ नयेत. गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते, त्यामुळे वेळोवेळी रक्त तपासावे लागते. वैशाखात घामाने किंवा जुलाबांनी अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते. हातांना मोठा कंप सुटला, चाल अडखळू लागली, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना गाठायचे.