रहस्यकथाकाराने वाट बदलली तर...

रहस्यकथेचा वाचक लेखकाच्या नावावर विसंबून पुस्तक हाती घेतो. खून, संशयित आणि अखेरीस उकल, हा दोघांमधील अलिखित करारच असतो. तो मोडला, की पुस्तक चांगले असूनही वाचकाचा अपेक्षाभंग होतो. आर्थर कॉनन डॉयल यांना आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या अधिक मोलाच्या वाटत. त्यांसाठी सवड मिळावी म्हणून त्यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारले. मात्र वाचक रुष्ट झाले आणि १९०३ मध्ये होम्सला परत आणावे लागले.

अगाथा ख्रिस्ती यांनी निराळा मार्ग शोधला. १९३० ते १९५६ या काळात ‘मेरी वेस्टमाकॉट’ या टोपणनावाने त्यांनी सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत पॉयरो नाही. आहे ती नात्यांची गुंतागुंत. हे गुपित जवळजवळ वीस वर्षे टिकले. त्यांपैकी ‘ॲबसेंट इन द स्प्रिंग’ (१९४४) या कादंबरीने आपले पूर्ण समाधान केले, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. ती ख्रिस्ती यांच्या नावाने आली असती, तर वाचक शेवटच्या पानापर्यंत खुन्याचीच वाट पाहत राहिला असता. टोपणनावामुळे वाचकाची निराशा टळली आणि लेखिकेलाही मोकळीक मिळाली.