शेवटच्या फेरीत काय पाहतात?

आपल्या महाविद्यालयातून उपयोजित कलेची पदवी घेऊन मी बाहेर पडलो, त्याला आता वीस वर्षे झाली. पुण्यातील ज्या संगणक कंपनीत मी काम करतो, तेथे ज्येष्ठ डिझायनर निवडणाऱ्या मंडळावर गेली काही वर्षे मला बसावे लागते. टेबलाच्या या बाजूने जे दिसले, ते आपल्यापुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

अशा जागेसाठी बहुधा चार-पाच फेऱ्या होतात. प्रथम पोर्टफोलिओ पाहून निवड, मग फोनवरील बोलणे, नंतर एखाद्या कामाचे सविस्तर सादरीकरण आणि अखेरीस विभागप्रमुख, अभियंते व व्यवस्थापक यांच्यासमोर शेवटची मुलाखत. येथवर पोहोचलेले तीन-चार उमेदवार कामाने जवळपास सारखेच असतात. तुमचा हात चांगला आहे, हे तोवर सर्वांना पटलेले असते. तेव्हा पुन्हा सुंदर चित्रेच दाखवीत बसणे म्हणजे उत्तीर्ण झालेल्या विषयाचा पेपर पुन्हा लिहिण्यासारखे आहे.

मग पाहतात काय? या माणसावर निर्णय सोपवता येईल का, हे पाहतात. कनिष्ठ डिझायनरला प्रश्न दिला जातो व तो सोडवतो. ज्येष्ठाने मुळात प्रश्नच बरोबर आहे का, हे तपासायचे असते. अभियंत्यांना पटवायचे असते. हाताखालच्या मुलांकडून काम सुधारून घ्यायचे असते, तेही त्यांचे मन न मोडता.

अमेरिकन डिझायनर पॉल रँड यांनी १९८६ साली स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीचे बोधचिन्ह केले. त्यांनी चार पर्याय पुढे ठेवले नाहीत, एकच ठेवला. मात्र त्यासोबत एक पुस्तिका दिली. नावातील अक्षरे कोणत्या वळणाची असावीत, 'ई' हे अक्षर वेगळे का, घनाकृती कलती का, हे तिच्यात टप्प्याटप्प्याने उलगडले होते. शेवटच्या फेरीत हवा असतो तो हा विचाराचा मार्ग.

येथेच आपली मराठी माणसे मागे पडतात. एकदा बारा वर्षांचा अनुभव असलेल्या एक बाई आल्या होत्या. बँकेच्या मोबाइल ॲपचे त्यांचे काम उत्तम होते. पण प्रत्येक उत्तर 'आम्ही असे ठरवले' असे. खोदून विचारल्यावर कळले, की त्या स्वतः एका तालुक्याच्या शाखेत दोन दिवस बसल्या होत्या. पैसे चुकीच्या खात्यात जातील, ही लोकांची भीती त्यांनी पाहिली. पैसे पाठविण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव दिसलेच पाहिजे, असा आग्रह त्यांनी व्यवस्थापकांचा विरोध असतानाही धरला होता. ही हकीकत बाहेर आली ती अखेरच्या पाच मिनिटांत. जागा दुसऱ्याला गेली. 'मी' म्हणणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. परंतु श्रम सर्वांचे असले, तरी निर्णय कोणाचा तरी असतो. श्रमाविषयी बोलताना 'आम्ही' आणि स्वतःच्या निर्णयाविषयी बोलताना 'मी' म्हणावे. यात गर्व नाही, नेमकेपणा आहे.

तयारी म्हणून आपली दोनच कामे निवडावीत आणि प्रत्येकाविषयी कागदावर लिहावे : अडचण काय होती, पैसा व वेळ किती होता, कोणता मार्ग सोडून दिला व का, विरोध कोणी केला, शेवटी काय बदलले. मतभेदाची गोष्ट सांगताना जुन्या सहकाऱ्यांना मूर्ख ठरवू नये. उद्या आपल्याविषयीही हा असेच बोलेल, हे ऐकणाऱ्याच्या मनात येतेच. आपणही प्रश्न विचारावेत. ही जागा का रिकामी झाली? डिझाइनविषयी अखेरचा शब्द कोणाचा? पहिल्या सहा महिन्यांत काय झाले, तर माझी निवड योग्य होती असे तुम्ही म्हणाल? उत्तरे टाळली जात असतील, तर ती नोकरी आपणच नाकारलेली बरी.

प्राध्यापकांनाही एक विनंती आहे. सत्राअखेर मुलांची कामे भिंतीवर लागतात, तेव्हा गुण देण्यापूर्वी प्रत्येकाला विचारावे, 'यातले काय टाकून दिलेस, आणि का?' पहिल्या वर्षापासून हे उत्तर मराठीत, मोठ्याने द्यायची सवय लागली, तर शेवटच्या फेरीची निम्मी तयारी येथेच होईल.