मांजरीच्या पिलाचा आहार : केव्हा व किती

मका, बाजरी वा ज्वारीचे पीक घरात येऊन पडले की त्यामागोमाग उंदीरही येतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सिल्लोड, कन्नड, वैजापूर अशा तालुक्यांतून ज्या घरी धान्याची पोती राहतात, तेथे शेजाऱ्याकडून मांजरीचे एखादे पिलू मागून आणण्याची चाल जुनी आहे. पुष्कळदा हे पिलू डोळे नुकतेच उघडलेले असताना आणले जाते. त्याच्यापुढे पाणी घातलेल्या दुधाची वाटी ठेवली की आपले काम झाले, अशी घरातील मंडळींची समजूत असते. पिलास हगवण लागते व थोड्याच दिवसांत ते दगावते. मग 'पिलू लाभले नाही' असे म्हणून दुसरे आणले जाते. वस्तुतः दोष पिलाचा नसून पाजण्याच्या रीतीचा असतो.

सर्वांत उत्तम गोष्ट ही की, आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिलू आईपासून तोडू नये. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून मांजरी पिलांना शिकार आणून देऊ लागते. उंदीर धरण्याचे शिक्षण त्यांना तेथेच मिळते. परंतु आई मेली वा पिले टाकून गेली, तर दूध हाताने पाजण्यावाचून गत्यंतर नाही.

जन्मतः पिलाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते व ते रोज १० ते १५ ग्रॅमने वाढते. दर १०० ग्रॅम वजनास दिवसाकाठी २० ते २५ मिलिलिटर दूध लागते. मात्र एका वेळी त्याच्या पोटात १०० ग्रॅम वजनामागे ४ मिलिलिटरच्या आसपासच मावते. म्हणून पहिल्या आठवड्यात दर तीन तासांनी, रात्रीही, तीन मिलिलिटर पाजावे. दुसऱ्या आठवड्याच्या आरंभी पिलू २०० ग्रॅमचे झाले की दिवसातून सहा वेळा सात मिलिलिटर, आणि ३०० ग्रॅमचे झाले की पाच वेळा बारा मिलिलिटर द्यावे. औषधाचा लहान चमचा पाच मिलिलिटरचा असतो, यावरून अंदाज येईल. भूक लागली असेल म्हणून एकदम पोटभर पाजणे हाच घात आहे. वजनासाठी किराणा दुकानातील काटा चालेल.

दूध कोणते द्यावे? मांजरीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिने दुपटीच्या आसपास असतात. तेव्हा दुधात पाणी घालणे म्हणजे आधीच कमी असलेले सत्त्व आणखी कमी करणे होय. शहरातील दुकानांत पिलांसाठी तयार दुधाची भुकटी मिळते. ती आणणे श्रेयस्कर. ती हाती येईपर्यंतचे एक-दोन दिवस उकळून कोमट केलेल्या, पाणी न घातलेल्या एक कप दुधात एका अंड्याचा पिवळा बलक घोटून द्यावा. सुई काढलेल्या सिरिंजने थेंबथेंब पाजावे. पिलू पालथे असावे; उताणे धरल्यास दूध फुप्फुसात जाते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री कडाक्याच्या असतात. गारठलेल्या पिलास दूध पचत नाही, म्हणून प्रथम फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीजवळ ठेवून त्यास ऊब द्यावी व मगच पाजावे. प्रत्येक वेळी पाजल्यावर ओल्या कापसाने मागील भाग हळुवार पुसावा. त्याविना तीन आठवड्यांच्या आतील पिलास मलमूत्र होत नाही.

चौथ्या आठवड्यापासून दुधात कालवलेले मऊ अन्न बशीत ठेवावे. दोन महिन्यांच्या पिलास दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी २५ ते ३० ग्रॅम शिजवलेले मांस, मासळी वा अंडे पुरते. सहा महिन्यांपर्यंत तीनदा व पुढे दोनदा द्यावे. नुसत्या मांसावर हाडे कच्ची राहतात, म्हणून अधूनमधून तयार खाद्यही द्यावे. कांदा-लसणाचे कालवण मुळीच घालू नये. ते मांजरास विषसमान आहे.

दूध-भाकरीवर मांजर जगते असे दिसते, पण ते घराबाहेर जी शिकार करते तिच्या बळावर. टॉरिन नावाचे द्रव्य वनस्पतिज अन्नात जवळजवळ नसते. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते हे १९७५ मध्ये, व हृदय दुर्बल होते हे १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. माळकरी घरात मांस शिजत नाही. तेथे पिलू मोठे होऊन शिकार करू लागेपर्यंत तयार खाद्य आणावे. उपाशी मांजर अधिक उंदीर मारते ही समजूतही खरी नव्हे; अशक्त मांजर कोपऱ्यात बसून राहते.

ज्या घरी मांजर आहे तेथे झिंक फॉस्फाइडचे आमिष ठेवणे टाळावे. शेतात ते ठेवणे भाग पडल्यास तेवढे दिवस मांजरास कोंडून ठेवावे, आणि मेलेले उंदीर रोज सकाळी वेचून खोल पुरावेत.