म्हाताऱ्या राखणदाराचा निरोप

बिदर जिल्ह्यातील कमलनगर हा महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेला तालुका. येथील शेतकरी कुटुंबात कुत्रा केवळ हौसेखातर क्वचितच पाळला जातो. तो शेतातील आखाड्यावर राहतो, तूर-सोयाबीनची राखण करतो, गोठ्याच्या तोंडाशी झोपतो. दहा-बारा वर्षे अशी गेली की त्याची नजर मंदावते, मागचे पाय उचलत नाहीत आणि रात्री पावलांची चाहूल लागली तरी तो भुंकत नाही. मग एखाद्या संध्याकाळी घरात हलक्या आवाजात प्रश्न निघतो: आता याचे काय करायचे?

या प्रश्नाची दोन उत्तरे खेडोपाडी रूढ आहेत. एक, मरेल तेव्हा मरेल म्हणून त्याला अंगणाच्या कोपऱ्यात पडू देणे. दुसरे, पोत्यात घालून परक्या गावच्या शिवारात सोडून येणे. दुसरे उत्तर सोपे वाटते, कारण मरण डोळ्यांआड घडते. परंतु जन्मभर एका उंबऱ्याशी बांधलेला म्हातारा प्राणी अनोळखी शिवारात अन्न शोधू शकत नाही आणि तेथील कुत्री त्याला टिकू देत नाहीत. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, उपासमार वा तहान होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. त्यासाठी पहिल्या वेळचा दंड अवघा १० ते ५० रुपये आहे. विष घालून मारण्याची गोष्ट मात्र वेगळी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार त्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

निर्णय घेण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. म्हातारपण हा आजार नव्हे. सांधेदुखी, दातांची कीड, कानातील संसर्ग यांवर उपचार होऊ शकतात आणि त्यांनी प्राण्याचे काही महिने, कधी वर्षेही सुखाची जातात. मऊ अंथरूण, भिजवून दिलेली भाकरी, जवळ ठेवलेले पाण्याचे भांडे एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. कुत्रा वेदना लपवतो. कण्हत नाही म्हणजे दुखत नाही, असे समजू नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र त्याला स्वतःहून देऊ नयेत. त्यांतील अनेक त्याच्या यकृताला वा मूत्रपिंडाला घातक ठरतात. स्वभाव एकाएकी बदलला, लाळ गळू लागली, गिळणे कठीण झाले, तर पिसाळण्याची शंका धरून त्याला हात न लावता पशुवैद्यांना कळवावे.

उपचार संपल्यावर वेळ आली की नाही, हे ओळखण्यासाठी अमेरिकेतील पशुकर्करोगतज्ज्ञ डॉ. अ‍ॅलिस विलालोबोस यांनी एक मोजपट्टी तयार केली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगल्या दिवसांची संख्या, अशा सात बाबी तीत आहेत. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण द्यायचे. वेदना जितकी आटोक्यात, तितके गुण अधिक. बेरीज ३५ च्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवण्यात अर्थ असतो. ज्या घरात एवढा हिशेब जमत नाही, तेथे भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे. चांगल्या दिवशी एक खूण, वाईट दिवशी दुसरी. महिनाअखेरीस वाईट खुणा वाढलेल्या दिसल्या, तर उत्तर घरच्यांच्या डोळ्यांसमोर असते.

सल्ल्यासाठी कमलनगरकरांना दोन्ही दिशांना वाट आहे. बिदरच्या नंदीनगरात कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आहे; सीमेपलीकडे उदगीरलाही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. वेदनारहित मरण देण्याचे काम केवळ पशुवैद्यांचेच. प्रथम गुंगीचे औषध दिले जाते. प्राणी झोपला की भूल आणणाऱ्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून देतात आणि काही मिनिटांत हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात, कधी स्नायू थरथरतात, एखादा खोल श्वास निघतो, लघवी होते. ही वेदनेची लक्षणे नसतात. आधी ठाऊक असले म्हणजे जवळ बसलेला माणूस घाबरत नाही. शेवटच्या क्षणी ओळखीचा हात पाठीवर असावा, एवढेच त्या प्राण्याला हवे असते.

मृतदेह नाल्यात वा उकिरड्यावर टाकू नये. औषधाचा अंश शरीरात राहतो आणि ते मांस खाणाऱ्या पशुपक्ष्यांना विषबाधा होऊ शकते. विहीर व ओढ्यापासून दूर, भटकी जनावरे उकरू शकणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात पुरावे. मुलांना ‘तो पळून गेला’ असे सांगू नये. ती कित्येक दिवस दाराकडे पाहत राहतात. खरे सांगून मूठभर माती त्यांच्या हातून पडू द्यावी.

कुत्र्यासाठी एवढे कशाला, असे विचारणारे शेजारी भेटतातच. त्यांना याच भूमीचा इतिहास दाखवता येईल. कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी. त्यांच्यापैकी तिसऱ्या कृष्णाच्या काळात, इ. स. ९५० च्या सुमारास, मंड्य परिसरातील आतकूर येथे एक शिलालेख कोरला गेला. गंग राजा बुतुग याने मणलेर या वीराला त्याच्या मागणीवरून ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा बक्षीस दिला होता. तो रानडुकराशी झुंजताना, त्याला मारून स्वतःही मेला. त्याच्यासाठी देवळासमोर दगड उभारला गेला, जमीन दान दिली गेली आणि त्या दगडाची पूजा केल्यावाचून पुजाऱ्याने जेवू नये, असा दंडकही घातला गेला. तो दगड आज बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे.

आखाड्यावरच्या कुत्र्याला शिलालेख नको असतो. बारा वर्षे ज्या उंबऱ्याची राखण केली, तेथून त्याला पोत्यात घालून नेले जाऊ नये, इतकेच त्याचे मागणे असू शकते.