हिशेबाबाहेरची हवा

तेल्हाऱ्याहून वडीलधाऱ्यांना अकोल्याच्या दवाखान्यात नेताना चौकात गाडी थांबताच इंजिन थरथरावे आणि बंद पडावे, ही केवळ गैरसोय नव्हे. कार्ब्युरेटरच्या काळी मेकॅनिक एक स्क्रू फिरवून ‘स्लो’ वाढवून देत असे. एप्रिल २००० मध्ये प्रदूषणाचे नवे निकष देशभर लागू झाले, कार्ब्युरेटर मागे पडला आणि ते काम संगणकाकडे गेले.

तापलेले पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. उरलेल्या फटीतून वा बाजूच्या वाटेने जाणारी हवा संगणक सांभाळतो. तेथे काजळी साचली की हवा अपुरी पडते. याउलट रबरी नळीला चीर गेली, तर हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून ती आत शिरते. दुकानात बिलाशिवाय माल उतरावा आणि वहीचा मेळ बसू नये, तसेच हे.

स्कॅनरवर ‘पी ०१७१’ दिसताच ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई होते. खर्च होतो, गाडी तशीच. तो क्रमांक मिश्रणात पेट्रोल कमी आहे एवढेच सांगतो, दोषी भाग दाखवीत नाही. आधी नळ्या पाहाव्यात. इंजिन चालू असताना चिरेतून बहुधा फुसफुस ऐकू येते. मग थ्रॉटल साफ करावा. त्यानंतर स्लो चढा राहिला तरी घाबरू नये. काजळीला सरावलेला संगणक नव्याने शिकत असतो. काही गाड्यांत मात्र ते स्कॅनरनेच करावे लागते. थ्रॉटलवर कारखान्यातून बसवून आलेला स्क्रू मात्र कोणालाही फिरवू देऊ नये.