वाजवी भावातला वेग

सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि २००२ साली त्याला फेरारी भेट मिळाली, हे सर्वांच्या लक्षात आहे. ती गाडी भारतात आणायची तर आयातशुल्कच कोटीच्या वर जात होते, सरकारने ते माफ केले, त्यावरून ओरड झाली आणि शेवटी ती रक्कम फियाट कंपनीने भरली, हे मात्र माझ्यासारख्या बँकवाल्यांनाच आठवत असावे. फुकट मिळालेल्या गाडीची ही कथा. विकत घेणाऱ्याने मग काय म्हणावे?

म्हणून वेगाचा नाद असलेला पगारदार (हा प्राणी आता आपल्याकडेही आढळतो) जुन्या गाडीकडे वळतो. माझ्या मित्राच्या मुलाने असाच एक सौदा हेरला. लाल पोर्शे बॉक्स्टर, सन २००६. "काका, नव्या मोठ्या एस.यू.व्ही.च्या भावात पोर्शे!" वाक्य खोटे नव्हते. फक्त त्या भावातले आठ लाख वडिलांची ठेव मोडून यायचे होते, आणि ती ठेव म्हणजे मित्राची ग्रॅच्युइटी. मुलाने मागितले असते तर त्याने सगळीच दिली असती. बापांचे असेच असते. माझ्याकडे तो आला तो सल्ल्यासाठी नव्हे, कोणीतरी नाही म्हणावे म्हणून, असा माझा कयास आहे.

मी नाही म्हटले नाही. वेगवान गाडीची हौस हा काही गुन्हा नव्हे. पण कर्जाचा अर्ज वाचावा तशी ती गाडी वाचायची ठरवली.

अशा गाडीची किंमत उतरते, तिचा खर्च उतरत नाही, ही यातली खरी मेख आहे. वीस वर्षांनी गाडी चतुर्थांश भावात मिळेल. तिची ब्रेकची डिस्क काही चतुर्थांश भावात मिळत नाही. आणि जी गाडी फारच स्वस्त मिळते, तिच्या स्वस्ताईला बहुधा कारण असते. बॉक्स्टर १९९६ मध्ये आली. तिच्या आणि त्या काळातल्या ९११ गाडीच्या इंजिनात एक मधला दांडा असतो. त्याच्या टोकाचे बेअरिंग फुटले की झडपा आणि पिस्टन यांची वेळ चुकते, ते एकमेकांवर आदळतात आणि इंजिन भंगारात जाते. अमेरिकेत ग्राहकांनी यावरून दावा लावला, २००१ ते २००५ च्या गाड्यांपुरती त्यात २०१३ साली तडजोड झाली. २००६ ते २००८ च्या गाड्यांत बेअरिंग मोठे आहे, ते क्वचितच फुटते. पण बदलायचे तर इंजिनच उघडावे लागते. २००९ पासून तो दांडाच गेला. एकाच नावाच्या, एकाच चेहऱ्याच्या गाड्या, पण दोनतीन वर्षांच्या फरकाने भाव एवढा का चढतो, याचे उत्तर बरेचसे इथे आहे. बाजार भोळा नसतो.

तेव्हा आम्ही विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे, आपला मिस्त्री नेला. त्याने ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचा कीस शोधला. नव्हता. रंगाची जाडी मोजणारे यंत्र फिरवले, तर मागच्या उजव्या बाजूला रंग दुप्पट. टायरची नक्षी नव्यासारखी. पण टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे २३१४ होते. म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. गाडी धावलेली कमी आणि उभी राहिलेली जास्त. उभ्या गाडीचे रबर वाळते, सील गळू लागतात. "कमी चाललेली" हे विशेषण जाहिरातीत गुण म्हणून का छापतात, कोण जाणे.

मग कागद. गाडी एका कंपनीच्या नावावर, नोंदणी परराज्यातली, आणि आर.सी.वर एका वित्तसंस्थेचा बोजा. "एन.ओ.सी. येईल हो आठ दिवसांत," विकणारा म्हणाला. अशी आठ दिवसांची आश्वासने माझ्या टेबलावर वर्षानुवर्षे पडून असत. बोजा उतरवायला पस्तीस नंबरचा फॉर्म हवा, राज्य सोडायला अठ्ठावीस नंबरचा, नाव बदलायला एकोणतीस आणि तीस; शिवाय महाराष्ट्रात कर नव्याने. यातला एकही कागद हाती नसताना त्याला आगाऊ रक्कम हवी होती, तीही रोख.

आम्ही टायर, सील, कर यांचा हिशेब मांडून तेवढी रक्कम भावातून वजा केली, आणि बोजा उतरल्याचा कागद दिसल्यावरच पैसे, तेही बँकेतून, असे सांगितले. विकणारा चिडला. "एवढा हिशेब करणाऱ्यांनी मारुती घ्यावी," असे बोलला. मुलाचा चेहरा पडला. परतीच्या द्रुतगती मार्गावर शंभरच्या मर्यादेत तो एक शब्दही बोलला नाही.

मित्राने ठेवीची पावती मला दाखवायला आणली होती. ती त्याने घडी न मोडता पुन्हा खिशात ठेवली. मुलगा सध्या २०१० सालच्या एका गाडीमागे आहे. भाव जास्त आहे, सर्व्हिसची सगळी बिले आहेत, आणि पैसे तो स्वतःच्या पगारातून साठवतो आहे. अजून सहा लाख कमी पडतात.